भिंतीपलीकडचे कान

ग्राफिक्स कार्डाचा आवाज सगळ्यात कमी ऐकू येतो तो खेळणाऱ्याला. त्याच्या कानांवर हेडफोन असतात. आत घोड्यांच्या टापा, पाऊस, तलवारींचा खणखणाट चाललेला असतो, आणि कार्डावर ताण सर्वांत जास्त येतो तेव्हा पडद्यावरचा प्रसंगही बहुतेक वेळा धुमश्चक्रीचाच असतो. टेबलाखालच्या कॅबिनेटमधून निघणारी घरघर पोचते ती घरातल्या बाकीच्यांपर्यंत. कोणी पुस्तक वाचत पडलेलं असतं, कोणाचा नुकता डोळा लागलेला असतो, कोणी रियाजाला बसलेलं असतं. कार्ड विकत घेतो खेळणारा, परीक्षणं वाचतो खेळणारा, सेकंदाला कुठल्या कार्डावर किती फ्रेम्स मिळतात याचे तक्तेही त्यालाच तोंडपाठ. ज्यांना आवाज सोसायचा, त्यांना या खरेदीत कोणी विचारत नाही. या हिवाळ्यात नवं कार्ड घ्यायला निघाले तेव्हा मी सुरुवातच त्यांच्यापासून केली. तिथून पाहायला लागलं की सगळा बाजार वेगळा दिसतो.

आमच्या घरी हे कान आईचे आहेत. कोथरूडचा दोन खोल्या आणि हॉलचा फ्लॅट. माझं टेबल आतल्या खोलीत, आई रियाजाला बसते हॉलमध्ये, मध्ये एक दार आणि एक विटेची भिंत. आई सत्तरी ओलांडलेली आहे. आता मैफल वगैरे काही नाही, पण संध्याकाळची बैठक तिने कधी सोडलेली नाही. आणि सुट्टीच्या दिवशी माझाही खेळायचा वेळ नेमका तोच.

एका रविवारी गाणं आटोपून ती आत आली आणि म्हणाली, "अगं, तुझ्या त्या खोक्यातला सूर सारखा हलतोय. एका जागी थांबला तर मी त्याला विसरून गाईन. पण तो चढतो, उतरतो, परत चढतो."

आवाज मोठा आहे असं ती म्हणालीच नाही. सूर हलतो, म्हणाली. आयुष्यभर तानपुऱ्याच्या तारा लावलेल्या माणसाचं निदान ते, म्हणून मी ते तपासून बघायचं ठरवलं. तिच्या मोबाइलमध्ये तानपुरा लावायचा ट्यूनर आहे. खेळ चालू ठेवून तो फोन मी कॅबिनेटच्या जाळीशी धरला. काटा पेटीच्या पांढरी सहाच्या आसपास घुटमळत होता, मध्येच वर सरकत होता. पडद्याच्या कोपऱ्यात पंख्याचा वेग दिसत होता, मिनिटाला २४०० फेरे. मशीन बंद करून बाजूचा पत्रा काढला आणि टॉर्चच्या उजेडात पाती मोजली. अकरा भरली. मिनिटाला २४०० म्हणजे सेकंदाला ४० फेरे, दर फेऱ्यात अकरा पाती हवा कापणार, म्हणजे ४४० कंपनं. ४४० हर्ट्झ म्हणजे बरोबर पांढरी सहा. आईचा षड्जही पांढरी सहाचाच, २२० वर. तेव्हा माझं कार्ड तिच्या तार षड्जात गुणगुणत होतं. जरा ताण वाढून पंखा २५०० वर गेला की तोच सूर ४५८ पर्यंत चढायचा, म्हणजे षड्ज सोडून थेट कोमल रिषभाच्या उंबऱ्यावर. शिवाय पंखे दोन, दोघांच्या वेगात जरासा फरक, त्यामुळे दोन सुरांचे ठोके पडायचे. बेसूर लागलेली तार जशी छळते, तसं हे भिंतीपलीकडे छळत होतं. मीटरवर डेसिबल मोजत बसले असते तर मला यातलं काहीही कळलं नसतं.

म्हणून शांत कार्ड म्हणजे काय, याची माझी व्याख्या त्या संध्याकाळपासून आईच्या बोलण्यावर बेतलेली आहे. आवाज कमी हवा हे तर झालंच. पण तो हलता कामा नये, आणि शीळ घालणारा तर अजिबात नको. खालच्या पट्टीतली सपाट सळसळ कान थोड्या वेळात स्वीकारतो. उंच, टोकदार आणि सारखी बदलणारी शीळ तो कधीच स्वीकारत नाही.

नवीन घ्यायच्या आधी जुन्याची सेवा करून पाहिली. कार्ड उघडलं, पंख्यांच्या पात्यांवरची आणि धातूच्या पट्ट्यांवरची धूळ ब्रशने काढली, चिपवरची सुकून खपली झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान उतरलं, वेगही थोडा उतरला. पंख्यांची बेअरिंगं मात्र झिजलेली होती, आणि दहाएक वर्षांपूर्वीच्या त्या पिढीला आजचे खेळ तसेही झेपेनासे झाले होते. तरीही ज्यांच्या कार्डाने हल्लीच आवाज करायला सुरुवात केली आहे, त्यांना मी आधी ब्रश आणि पेस्टच सुचवीन.

पंख्याच्या आवाजामागे एक गणित आहे, आणि ते कळल्यावर मला खरोखर हायसं वाटलं. पंख्याचा वेग वाढवला की वारा त्याच प्रमाणात वाढतो. आवाज मात्र साधारण वेगाच्या पाचव्या घाताने वाढतो. म्हणजे वेग वीस टक्क्यांनी कमी केला तर वारा वीसच टक्के कमी होतो, पण आवाज जवळपास पाच डेसिबलने उतरतो. वेग निम्म्यावर आणला तर पंधरा डेसिबल. आणि दहा डेसिबल उतरले की आपल्या कानाला आवाज साधारण अर्धा झाल्यासारखा वाटतो. थोडासाच वारा सोडून द्यायची तयारी असेल तर शांतता भरभरून मिळते. थोडा वारा सोडून द्यायचा म्हणजे थोडी उष्णता कमी निर्माण करायची, आणि उष्णता म्हणजे वॉट. कार्डात शिरलेल्या विजेतली जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. त्यामुळे कार्डाच्या माहितीपत्रात मी सगळ्यात आधी बघते तो वॉटचा आकडा.

या धंद्याचा इतिहासही हेच सांगतो. एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा २००३ च्या सुरुवातीला बाजारात आलं. आधीच्या वर्षी आलेलं एटीआयचं रेडिऑन ९७०० प्रो पुढे निघून गेलं होतं, त्याला गाठण्यासाठी ही चिप ५०० मेगाहर्ट्झपर्यंत ताणली होती. ती थंड ठेवायला जो पंखा बसवला, त्याच्या आवाजामुळे लोकांनी कार्डाला 'डस्टबस्टर' म्हणजे हातातल्या व्हॅक्यूम क्लीनरचं नाव दिलं. शेवटी कंपनीनेच स्वतःची टिंगल करणारी चित्रफीत काढली. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, एएमडीचं आर९ २९०एक्स आलं. ते ९५ अंशांपर्यंत तापू द्यायचं असंच ठरवून बनवलेलं होतं, आणि त्याच्या कडेला एक बारीकशी कळ होती, एका बाजूला शांत आणि दुसऱ्या बाजूला जोरदार. दोन्ही वेळा चिपला तिच्या सुखाच्या वेगापेक्षा पुढे ढकललं गेलं आणि त्याची किंमत पंख्याने चुकवली. लगेच २०१४ मध्ये जीटीएक्स ७५० टीआय आलं. फक्त ६० वॉट. त्याला वेगळी वीजजोडणी लागायची नाही, आणि पालिट कंपनीने तर त्याची पंखा नसलेली आवृत्तीही काढली, नुसत्या धातूच्या पट्ट्यांवर थंड होणारी. माझ्या लेखी त्या दशकातलं सगळ्यात सुसंस्कृत कार्ड ते. त्याच्याविषयी फारसं कोणी बोलत नाही, कारण तक्त्यांत ते खालच्या ओळीत असायचं.

आता वरच्या टोकाला आरटीएक्स ५०९० आहे, ५७५ वॉटचं. ते माझ्या खोलीसाठी नाहीच. माझ्यासमोर नावं होती ती अशी: एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीचं, १६० वॉट; एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय, तेही १६ जीबीचं, १८० वॉट; आणि मन ओढणारं आरटीएक्स ५०७०, २५० वॉट. नुसत्या वॉटवर जायचं तर पहिलंच घ्यायला हवं होतं. पण वॉट हे निम्मं गणित. उरलेलं निम्मं कुलरचं. चिप एनव्हिडियाची असो की एएमडीची, तिच्यावर धातू आणि पंखे बसवतात वेगवेगळ्या कंपन्या, आणि खर्च वाचवायला त्या पुष्कळदा एकच मोठा साचा दोन-तीन चिपांना वापरतात. जास्त तापणाऱ्या चिपेसाठी घडवलेला कुलर कमी तापणाऱ्या चिपेवर बसला की पंख्यांना फिरायचं कारणच उरत नाही. शांत कार्ड शोधायचं म्हणजे हे विजोड जोडपं शोधायचं, लहान चिप आणि अवाढव्य कुलर. हेच तत्त्व टोकाला नेऊन आसुसने २०२१ मध्ये ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीबरोबर एक आरटीएक्स ३०७० काढलं होतं, त्यावर नॉक्टुआचे ते प्रसिद्ध तपकिरी, १२० मिलिमीटरचे पंखे होते. जाडी इतकी की चार स्लॉटही पुरत नसत. दिसायला बोजड, पण त्यामागचा विचार मला फार आवडतो: मोठा पंखा हळू फिरवा.

म्हणून तापकीर गल्लीतल्या दुकानात गेले ती आईच्या शिवणाच्या पेटीतली टेप घेऊन. घरी कॅबिनेट आतून मोजून ठेवलं होतं. पुढचे पंखे धरून कार्डाला जागा ३२ सेंटिमीटर, जाडीला तीन स्लॉट. काउंटरवरच्या मुलाने नेहमीचे प्रश्न विचारले: बजेट किती, कुठले गेम खेळता, मॉनिटर कुठला. प्रश्न योग्यच होते. आवाजाचं विचारल्यावर तो जरा थांबला, मग प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, इथे गल्लीत काय कळणार? बाहेर रिक्षाच एवढ्या आहेत." खरं होतं ते. खोकी सीलबंद, चालवून दाखवायची सोय नाही, आणि खोक्यावर सगळं छापलेलं: मेमरी, किती वॉटचा पॉवर सप्लाय लागेल, दिवे किती रंगांचे. डेसिबल कुठेच नाहीत. युरोपात कपडे धुण्याच्या यंत्राच्या ऊर्जा-लेबलवर डेसिबलचा आकडा सक्तीने छापावा लागतो. दिवसातून तासभर चालणाऱ्या यंत्राला ही सक्ती, आणि घरात रोज रात्री चार तास चालणाऱ्या कार्डाला काहीच नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. खेळणारे मागत नाहीत म्हणून कंपन्या छापत नाहीत, आणि ज्यांनी मागायचं ते दुकानात येतच नाहीत.

मग राहतात परीक्षकांचे आकडे, आणि तेही जपून वाचावे लागतात. एकाने माइक अर्ध्या मीटरवर ठेवला आणि दुसऱ्याने एक मीटरवर, तर तेच कार्ड दुसऱ्याच्या यादीत सुमारे सहा डेसिबलने शांत निघतं. दुसरं असं की या चाचण्या बहुधा वीस-बावीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. कुलरला चिप ठरावीक फरकाने थंड ठेवता येते, खोलीपेक्षा अमुक अंश जास्त, असं. बावीस अंशांच्या खोलीत सत्तरवर राहणारं कार्ड एप्रिलमधल्या चौतीस अंशांच्या खोलीत त्याच पंख्यावर ब्याऐंशीला जाईल. ते त्याला चालणार नाही, म्हणून ते पंखा वाढवणार. परदेशातली शांतता जशीच्या तशी इथे उतरत नाही, त्यात आपला उन्हाळा मिळवावा लागतो.

पण गंमत अशी की आमच्या घरात उन्हाळा हा खरा कसोटीचा काळ नाहीच. एप्रिल-मेमध्ये दोन्ही खोल्यांत छताचे पंखे गरगरत असतात आणि त्या आवाजात कार्ड बुडून जातं. पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस ते काम करतो. कार्ड उघडं पडतं ते डिसेंबर-जानेवारीत, पंखे बंद, खिडक्या लावलेल्या, रस्ता दहालाच थंड झालेला. कार्डाची कसोटी हिवाळ्यात घ्यावी, हे मला कुठल्या परीक्षणात वाचायला मिळालं नव्हतं.

शेवटी घेतलं ते आरटीएक्स ५०६० टीआय, तीन पंख्यांचं, तीस सेंटिमीटर लांब. वीस वॉट जास्त, पण त्या दिवशी गल्लीत माझ्या मापात बसणारा सगळ्यात भरभक्कम कुलर त्याच्यावर होता. बसवल्यावर खाली झुकू नये म्हणून शेजारी एक छोटा टेकू उभा केला.

खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि मला त्यात फार आनंद मिळाला. कारखान्यातून कार्ड येतं ते तक्त्यातल्या वरच्या ओळीसाठी लावलेलं. चिपेला द्यायचा व्होल्टेज थोडा सढळ हाताने ठेवलेला असतो, म्हणजे लाखांतला सगळ्यात कच्चा तुकडाही अडखळू नये. तो कमी करता येतो. चिपेची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे १.०५ व्होल्टवरून ०.९५ वर आलं की वेग तोच राहूनही सुमारे अठरा टक्के वीज वाचते. आफ्टरबर्नर नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये व्होल्टेज आणि वेग यांची एक वक्ररेषा असते, तिच्यावरचा कमी व्होल्टेजचा ठिपका माउसने ओढून हव्या त्या वेगापर्यंत वर न्यायचा, त्यापुढची रेषा सपाट करायची, खेळ चालवून बघायचा, अडखळला तर ठिपका पुन्हा जरा खाली. हे घाईचं काम नाही. पट्टी जुळेपर्यंत खुंटी पिळत बसावं लागतं.

दुसरं, फ्रेम्सना मर्यादा. माझा मॉनिटर सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकतो, म्हणून कार्डाने दर क्षणी तितकी काढलीच पाहिजेत असं मला वाटत नाही. नेमबाजीची स्पर्धा खेळणाऱ्यांचं वेगळं, त्यांना ती लागतात. मी खेळते ते गोष्टीचे, भटकंतीचे खेळ. तिथे साठ पुरतात. एल्डन रिंग तर पीसीवर साठाच्या पुढे जातच नाही, आणि २०२२ पासून जगभर लोक तो जीव ओतून खेळत आहेत. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' लावला की या कार्डाला पंख्याची फारशी गरजच पडत नाही. मर्यादेचा आणखी एक फायदा आहे. कार्डावरच्या तांब्याच्या वेटोळ्यांतून वीज झपाट्याने कमीजास्त होते तेव्हा ती वेटोळी थरथरतात आणि बारीक किणकिण करतात, तिला कॉइल व्हाइन म्हणतात. खेळाच्या साध्या मेनूवर कार्डाला काही काम नसतं, तिथे ते सेकंदाला शेकड्यांनी फ्रेम्स फेकत सुटतं आणि ही किणकिण टिपेला जाते. एकाच मॉडेलचे दोन तुकडे यात वेगळे निघतात, आणि बहुतेक कंपन्या त्याला बिघाड मानत नाहीत. मर्यादा घातली की किणकिण पुष्कळ विरते.

राहिला आईचा मुद्दा, सूर हलण्याचा. हल्लीची बहुतेक कार्डं पन्नास-साठ अंशांपर्यंत पंखे पूर्ण थांबवून ठेवतात. जाहिरातीत हा मोठा गुण म्हणून सांगतात. पण तापमान त्या सीमेवर रेंगाळलं की पंखा सुरू होतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो, आणि दर वेळी सुरू होताना एक हुंकार देतो. भिंतीपलीकडे नेमकं तेच खुपतं. मी खेळताना ती सोय बंद ठेवते. पंखे मिनिटाला हजार फेऱ्यांवर आडव्या सपाट रेषेत बांधून टाकले आहेत. सत्तर अंशांपर्यंत ते हलत नाहीत, आणि त्यापुढे वाढलेच तर सावकाश वाढतात. थांबणाऱ्या पंख्यापेक्षा संथ, एकसारखा फिरणारा पंखा मला केव्हाही जास्त शांत वाटतो. आईला विचारलं तेव्हा तिने रियाज थांबवून दाराशी कान दिला आणि म्हणाली, "आता नुसता वारा आहे. सूर नाही."

हे सगळं मी उत्साहाने नागपूरच्या भाच्याला फोनवर सांगत होते. त्यालाही नवं कार्ड घ्यायचं आहे आणि त्याला २५० वॉटचंच हवं आहे. "मावशी, इथे मे महिन्यात पंचेचाळीस अंश असतात, आणि खोलीत तो मोठा कूलर भणभणत असतो. त्याच्यापुढे कार्डाचा आवाज कुठे येतोय?" मला ते पटलं. त्याच्या खोलीत शांततेपेक्षा उष्णतेचा प्रश्न मोठा. पैसे कार्डाच्या कुलरपेक्षा जाळीच्या कॅबिनेटवर आणि पुढच्या दोन मोठ्या पंख्यांवर घालावेत, असंच मी म्हणत होते. तेवढ्यात बोलता बोलता त्याने सांगितलं की खोली दोघांची आहे, आणि दुसरा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, पहाटे चारला उठतो.

मी म्हटलं, कार्ड अजून घेऊ नकोस. हिवाळ्यात कूलर बंद असताना तो किती वाजता झोपतो, आणि त्याची गादी तुझ्या टेबलापासून किती फुटांवर आहे, ते आधी मला कळव.